सिंहगडाकडे तोंड करून

ऐंशीच्या दशकात पुण्यात कुणी वाट चुकला आणि त्याला दिशा कळेना झाली, तर त्यानं वर बघावं. घराघरावर ॲल्युमिनियमच्या दांड्यांची अँटेना असायची आणि तिचं तोंड एकाच बाजूला असायचं, सिंहगडाकडे. कोथरूडची जरा दक्षिणेला कललेली, हडपसरची जास्त पश्चिमेला, पेठांमधली या दोघींच्या मधली. त्यातल्या बऱ्याच मी आणि माझ्यासारख्या बुधवारातल्या पोरांनी चढवल्या. पासोड्या विठोबाजवळच्या एका रेडिओच्या दुकानात मी 1975 साली लागलो तेव्हा पुण्यात टीव्ही येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. मालक व्हॉल्व्हच्या रेडिओतले दर्दी. टीव्हीला ते ‘हे पेटारं’ म्हणत, पण धंदा पेटाऱ्यावरच चालायचा. गच्चीवर चढायला त्यांचे गुडघे तयार नव्हते, म्हणून माझी नेमणूक.

आता मला फोन येतात ते वेगळे. “काका, आतल्या खोलीत रेंज येत नाही.” राउटर नावाची डबी, फायबरची वायर, ॲपमधले आकडे, माझ्या नातवाला वाटतं आजोबांनी म्हातारपणी नवी विद्या शिकून घेतली. विद्या जुनीच आहे. घरात लहर आणायची असेल तर आधी जागा बघावी, मग आड काय येतंय ते, मग वायर आणि तिचे जोड, आणि पैसे उरलेच तर शेवटी यंत्र. गिऱ्हाईक हा क्रम नेमका उलटा लावतं. रेडिओच्या काळात लावत होतं, टीव्हीच्या काळात लावत होतं आणि आजही लावतं. या शहराचा लहरी पकडण्याचा इतिहास मला तरी असाच दिसतो.

रेडिओचं आधी सांगतो, पण थोडक्यात. त्यातलं पुष्कळसं मालकांकडून ऐकलेलं. मुंबईचं केंद्र इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनं 23 जुलै 1927 ला सुरू केलं. तीन वर्षांच्या आत कंपनी बुडाली, पुढे सरकारनं कारभार घेतला आणि 1936 साली ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं. पुण्याला स्वतःचं केंद्र मिळायला 1953 साल उजाडावं लागलं. तोवर इथल्या माणसानं घाटाखालची मुंबई ऐकायची. त्यासाठी कौलांवर दोन बांबूंच्या मध्ये चिनी मातीचे गोटे घालून लांबलचक तार ताणायची आणि दुसरी तार जमिनीत न्यायची. या जमिनीतल्या तारेचं, अर्थचं, मालकांना फार. परसात खड्डा, त्यात तांब्याचा पत्रा, खाली-वर कोळसा आणि मीठ, आणि उन्हाळ्यात त्यावर रोज तांब्याभर पाणी. काही घरांत तुळशीला पाणी घालणाऱ्या आजीबाईच तेही काम उरकत. रेडिओ खरखरला की मालक पहिलं विचारायचे, “अर्थला पाणी घातलं होतं का?” निम्म्या तक्रारी तिथंच मिटत. उरलेल्या निम्म्यांत लोकांना नवा, जास्त व्हॉल्व्हचा सेट हवा असायचा.

1955 च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं आणि वर्षभर चाललं, तेव्हा अर्थचे खड्डे जितके खणले गेले तितके आधी कधी खणले नव्हते, असं मालक सांगायचे. मग दिवाणखान्यात छताखाली एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत बांधायची तांब्याच्या जाळीची पट्टी आली. ती दिसायला शोभिवंत होती, पण कामाला बेताची, कारण ती घरात होती आणि लहर बाहेर. मग ट्रान्झिस्टर आले, त्यांच्या पोटात फेराइटची कांडी. कांडीचं टोक केंद्राकडे झालं की आवाज खाली जातो, कांडी आडवी झाली की वर येतो. हे न सांगता बायकांना कळलं होतं. स्वयंपाकघरातल्या फळीवरचा ट्रान्झिस्टर त्या कणीक मळतामळता कोपरानं बरोब्बर तेवढा वळवायच्या.

आणि या सगळ्याला लायसन लागायचं. ऐकायला. पोस्टातून घ्यायचं पुस्तक, दरवर्षी पैसे भरायचे, शिक्का मारून घ्यायचा. 1933 च्या बिनतारी तार कायद्याखाली घरात बिनतारी यंत्र ठेवायला परवानगी लागायची, हे त्यामागचं कारण. ही पुस्तकं ऐंशीच्या दशकात बंद झाली. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टीव्ही मुंबईत 2 ऑक्टोबर 1972 ला आला. वरळीहून निघालेल्या त्या लहरी रेडिओच्या लहरींसारख्या डोंगर वळसा घालून येणाऱ्या नव्हत्या. जिथून मनोरा दिसतो तिथे चित्र दिसतं, जिथून दिसत नाही तिथे फारसं दिसत नाही. मधे सह्याद्री. पुण्याला टीव्ही मिळाला तो 1973 साली सिंहगडावर प्रक्षेपण केंद्र बसलं म्हणून. गड समुद्रसपाटीपासून साधारण तेराशे मीटर, शहर साडेपाचशे-साडेसहाशेच्या दरम्यान. वरून मुलूख दिसतो म्हणून गड बांधला, आणि वरून मुलूख दिसतो म्हणूनच मनोरा तिथे गेला. पेठांपासून सरळ रेषेत तो वीसेक किलोमीटर आहे. पण पुणं टेकड्यांचं गाव. पर्वतीच्या, हनुमान टेकडीच्या, चतुःशृंगीच्या पलीकडच्या कुशीत घर असेल तर वीस किलोमीटरवरचा गडही दिसायचा नाही, आणि दहा-वीस फुटांचा जादा पाइप लावावा लागायचा.

मुंबईहून बदली होऊन आलेली मंडळी सामानाबरोबर आपली अँटेनाही ट्रकमध्ये घालून आणत. मुंबईचं केंद्र चॅनल 4 वर, त्या लहरीची लांबी पावणेपाच मीटरच्या आसपास. दांडी लहरीच्या निम्म्याहून थोडी आखूड ठेवायची असते, म्हणून त्यांची मुख्य दांडी चांगली सव्वादोन मीटरची. पुण्याची लहर आखूड, दांडी जेमतेम दोन हात. त्यांना ते पटायचं नाही. “अहो, आमची मोठी आहे, जास्त पकडेल.” मोठी दांडी जास्त पकडत नाही, आपल्या मापाची तेवढीच पकडते. आजच्या वायफायची लहर साडेबारा सेंटिमीटर, तिची दांडी चार बोटांची. बाजारात राउटरवर वीतभर लांब शिंगं लावून विकतात. त्यातलं बरंचसं प्लॅस्टिक रिकामं असतं आणि आतली तार मापाचीच असते, पण शिंगं मोजून किंमत द्यायची सवय मुंबईच्या त्या ट्रकापासून चालत आलेली आहे.

अँटेना लावायला निदान तिघं लागायचे. गच्चीवर मी, सज्जात किंवा जिन्यात घरातलं एखादं पोरगं, आणि टीव्हीसमोर घरची बाई किंवा आजोबा. मी पाइप फिरवायचा, खालून हाक यायची: आलं! गेलं! मुंग्या आल्या! पडद्यावरच्या त्या पांढऱ्या ठिपक्यांना पुण्यात मुंग्याच म्हणत. पोरगं हाक वर पोचवेपर्यंत पाइप पुढे गेलेला असायचा, त्यामुळे ‘आलं’ ऐकू आलं की थोडं मागं यायचं, हे पहिल्या आठवड्यात शिकलो. दुसरी गोष्ट शिकायला वर्ष गेलं. चांगलं चित्र आलं की तिथंच पाइप आवळायचा नाही. पुढे जायचं, चित्र बिघडू द्यायचं, मग उलट बाजूनं बिघडेपर्यंत मागं यायचं, आणि दोन बिघाडांच्या बरोबर मध्ये आवळायचं. म्हणजे वाऱ्यानं पाइप बोटभर इकडेतिकडे झाला तरी घरच्यांना कळत नाही. तिसरी गोष्ट मालकांनी खालूनच ओरडून सांगितली: “वरच चढत राहू नको, बाजूला सरक!” लहर थेट येते तशी समोरच्या पत्र्यावरून, जमिनीवरून आपटूनही येते. दोन्ही एकमेकींना मारतात त्या जागी उभा राहिलास तर वीस फूट पाइपसुद्धा व्यर्थ, आणि दोन फूट सरकलास की त्याच उंचीवर चित्र लख्ख.

ही आपटून येणारी लहर पडद्यावर दिसायचीसुद्धा. बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या उजवीकडे त्यांचीच फिकट दुसरी आकृती, तिला आम्ही भूत म्हणायचो. भुतावरून मी एक हिशेब करायला शिकलो होतो आणि त्याची मला जरा घमेंडही होती. टीव्हीचा किरण पडद्याची एक ओळ डावीकडून उजवीकडे सुमारे 52 मायक्रोसेकंदांत काढतो. वीस इंची टीव्हीचा पडदा साधारण चाळीस सेंटिमीटर रुंद, म्हणजे एका मायक्रोसेकंदाला पाऊण सेंटिमीटर. तेवढ्या वेळात लहर तीनशे मीटर चालते. बाई आणि बाईंचं भूत यांच्यात पाऊण सेंटिमीटर असेल, तर भुताची लहर तीनशे मीटर जास्त चालून आली. आपटणारी वस्तू घराच्या बरोबर मागच्या बाजूला असेल, तर ती दीडशे मीटरवर. खिशातली पट्टी पडद्याला लावायची, मागच्या खिडकीतून बाहेर बघायचं आणि म्हणायचं, “ती पाण्याची टाकी.” लोक चहा द्यायचे. उपाय सोपा होता: अँटेनाची पाठ टाकीकडे नीट करायची किंवा एक मागची दांडी वाढवायची.

कारण ही अँटेना मुळात एकतर्फी ऐकते. मागे एक जरा लांब दांडी, ती लहर पुढे परतवते. पुढे आखूड दांड्या, त्या लहर मधल्या दांडीवर आणून सोडतात. वायर फक्त त्या मधल्या दांडीला. दुकानात तिला ‘यागी’ म्हणत आणि हे कुणा कंपनीचं नाव असेल असं आम्हाला वाटे. ते हिदेत्सुगु यागी या जपानी प्राध्यापकाचं नाव. सेंदाईच्या विद्यापीठात त्यांच्या हाताखालच्या शिंतारो उदा यांनी 1926 च्या सुमारास हे काम केलं, पण इंग्रजीत लिहून जगासमोर मांडलं यागींनी, म्हणून नाव त्यांचं लागलं. जपानच्या लष्करानं या शोधाकडे ढुंकून पाहिलं नाही. 1942 साली सिंगापूर पडलं तेव्हा इंग्रजांच्या रडारची टिपणवही जपान्यांच्या हाती लागली. तिच्यात पुन:पुन्हा ‘यागी’ असा शब्द होता आणि त्याचा अर्थ त्यांना लागेना. शेवटी तो अर्थ एका इंग्रज कैद्यानं सांगितला, की ही तुमच्याच माणसाची अँटेना. मालकांनी ही गोष्ट कुठल्याशा मासिकात वाचली होती, आणि दुकानात कुणी परदेशी मालाची तारीफ करू लागलं की ते ती काढायचे.

आता बूस्टर. 1982 साली रंगीत चित्र आलं, एशियाड आलं; 1984 पासून सरकारनं गावोगावी लहान ट्रान्समीटर बसवण्याचा धडाका लावला; जानेवारी 1987 ला रविवारी सकाळचं रामायण सुरू झालं. शनिवारी संध्याकाळी दुकानात उभं राहायला जागा नसायची आणि प्रत्येकाला बूस्टर हवा असायचा. लाल दिव्याची पत्र्याची डबी, अँटेनाकडून आलेली लहर मोठी करून टीव्हीला देते. काम खरं आहे, पण जे येतं ते ती मोठं करते, मुंग्यासुद्धा. म्हणून ती डबी वर, अँटेनाच्या गळ्याशी बसवायची, जिथे लहर अजून ताजी आहे; तीसचाळीस फूट वायरीतून उतरता उतरता ती अशक्त झाल्यावर खाली मोठी करण्यात अर्थ नाही. हे मी घसा कोरडा करून सांगायचो. लोक डबी टीव्हीवर ठेवायचे. लाल दिवा पाहुण्यांना दिसला पाहिजे ना. वर विणलेला रुमाल. शिवाय हलक्या डब्या स्वतःच शिट्टी घालायला लागत, म्हणजे घ्यायची लहर सोडून आपलीच लहर गल्लीत सोडत. मग शेजारच्या चार घरांतलं चित्र नाचायचं आणि दोष कावळ्यांना जायचा. कावळ्यांनी दांड्या वाकवल्या नाहीत असं नाही.

केबलनं हे सगळं तीन-चार वर्षांत संपवलं. 1991 च्या आखाती युद्धाच्या बातम्या बघायला लोकांनी पहिल्यांदा ताटल्या पाहिल्या, पुढच्या वर्षी झी आलं, आणि गच्चीवरची अँटेना भंगारवाल्याकडे किलोवर गेली. काहींनी ती काढायचीही तसदी घेतली नाही. वाळत घातलेल्या साड्यांचं एक टोक तिच्या पाइपाला असे. दूरदर्शननं जमिनीवरचे जुने ॲनालॉग ट्रान्समीटर 2022 पर्यंत जवळजवळ सगळे बंद केले. केबलच्या काळाबद्दल मला फार बोलायचं नाही. एका ऑपरेटरकडे मी काही वर्षं खांबावरून वायरी ओढल्या, निम्मा पगार अजून यायचा आहे. पण तिथे एक शिकलो: शंभर तक्रारींतल्या नव्वद वायरच्या टोकाशी असतात. पावसाचं पाणी शिरलेला जोड, नीट न दाबलेला कनेक्टर, खिडकीत चेपलेली वायर.

मग घराघरात इंटरनेट आलं. विदेश संचार निगमनं ते 15 ऑगस्ट 1995 ला सामान्य माणसाला खुलं केलं, पण तेव्हा ते टेलिफोनच्या वायरीतून किंचाळत यायचं. बिनतारी झालं ते नंतर, आणि त्यामागे कायद्याची एक ओळ आहे. 28 जानेवारी 2005 ला केंद्र सरकारनं 2.4 गिगाहर्ट्झची पट्टी कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्यातून मोकळी केली. ज्या देशात रेडिओ ऐकायला पोस्टाचं पुस्तक लागत होतं, तिथे आता प्रत्येक घरात ऐकणारं नव्हे तर बोलणारं यंत्र बसलं, विनापरवाना. आवाज मात्र बारीक. आकाशवाणी किलोवॅटमध्ये बोलते; हा डबा वॅटच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. मला या आकड्याचा लोकांना विसर पडतो याचं आश्चर्य वाटतं. एवढ्याशा कुजबुजीनं चार भिंती ओलांडाव्यात ही अपेक्षाच जास्त.

आणि पट्टी मोकळी का केली? कारण ती कुणाला नको होती. 1947 सालीच ती जगानं उद्योगांच्या आणि भट्ट्यांच्या कामाला सोडून दिली होती; मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच पट्टीत अन्न गरम करतो. अमेरिकेनं 1985 मध्ये ती दळणवळणाला वापरायची मुभा दिली, तीही अटी घालून. त्यामुळे आज स्वयंपाकघरात भात गरम होताना मुलाची मीटिंग अडखळते, तेव्हा मला नवल वाटत नाही. स्कूटर गल्लीतून गेली की पडद्यावर ठिपक्यांची रेघ यायची आणि मिक्सर लावला की चित्र फाटायचं, ते पाहिलेला माणूस मी.

वायफायमधली भुतं पडद्यावर दिसत नाहीत, पण ती टीव्हीच्या भुतांहून जास्त त्रासदायक होती. खोलीत लहर भिंतींवर, कपाटावर, छतावर आपटून दहा वाटांनी येते आणि अक्षरं एकमेकांवर चढतात. वेग वाढवायचा तर हे सोडवणं भाग होतं. ते ज्यांनी सोडवलं त्यांच्यात ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संस्थेचे जॉन ओ’सुलिव्हन आणि त्यांचे सहकारी होते. ही आकाशातल्या रेडिओ लहरी ऐकणारी माणसं. मिणमिणत्या लहरीतला गोंधळ काढणं हा त्यांचा रोजचा व्यवसाय. नव्वदच्या दशकात त्यांनी पेटंट घेतलं आणि पुढे कंपन्यांवर दावे लावून संस्थेनं चाळीस कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त वसूल केले. वायफाय त्यांनीच शोधलं असं काहीजण म्हणतात, ते अति आहे. हॉलंडमधले आणि अमेरिकेतले इंजिनिअर आधीपासून राबत होते. पण आम्हा महाराष्ट्रातल्या लोकांना या संस्थेचं नाव माहीत असायला हवं, ते दुसऱ्या कारणानं. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप 1953 ला तिथेच शिकायला गेले होते. तिथल्या वापरातून निघालेल्या बत्तीस छोट्या तबकड्या भारताला भेट मिळाल्या आणि स्वरूप यांनी 1965 साली त्या कल्याणला उभ्या करून सूर्य ऐकला. नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची दुर्बीण झाली ती त्यांच्याच हातून. खोडदची जागा निवडताना तिथे माणसांच्या यंत्रांचा गोंगाट कमी आहे हे एक मोठं कारण होतं. तिथल्या एखाद्या छपरावर शिट्टी घालणारा बूस्टर बसवला तर काय होईल, याचा विचार करून मला आजही हसू येतं.

2009 च्या वायफायपासून तर भुतांना कामाला लावलं. दोन-तीन दांड्यांनी वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी वेगळ्या ओळखायच्या आणि प्रत्येक वाटेवरून वेगळा मजकूर न्यायचा. ज्या आपटण्याला मी जन्मभर शिव्या दिल्या त्याच्यावर आज वेग मिळतो. डबीला दोन-तीन शिंगं असतात ती यासाठी.

सदाशिव पेठेतल्या एका घरची गोष्ट सांगतो, म्हणजे कामाचं स्वरूप कळेल. वाडा पाडून झालेली इमारत, तिसरा मजला. फायबरवाल्यानं जिथून भोक पाडणं सोपं तिथून वायर आत घेतली होती, म्हणजे हॉलच्या टोकाच्या कोपऱ्यात, आणि डबी टीव्हीच्या मागे, फर्निचरच्या कप्प्यात, इन्व्हर्टरला टेकून. दार लावलं की दिसत नाही, म्हणून घरच्यांना पसंत. मी मोबाइलवर आकडे बघितले. हॉलमध्ये उणे 42, पॅसेजमध्ये उणे 61, आतल्या खोलीत उणे 79. हे आकडे उतरत जातात तसं दर तीनला शक्ती निम्मी होते, दर दहाला दहावा हिस्सा. बोलत्या चित्राच्या मीटिंगला उणे 67 च्या वर असावं. मधे काय काय होतं? टीव्हीचा पत्रा. फ्रीज. सळयांनी भरलेला आरसीसीचा खांब. संडास-बाथरूमच्या टाइलच्या भिंती आणि पाण्यानं भरलेल्या बादल्या. पाणी ही लहर पिऊन टाकतं. आणि आतल्या खोलीच्या भिंतीला आरशाचं कपाट. आरशामागचा मुलामा धातूचा, त्यावरून लहर परत हॉलकडे.

ते गृहस्थ एक्स्टेंडर आणून बसले होते, दुकानातून थेट. तो कुठे लावला? आतल्या खोलीत, पलंगाशेजारच्या प्लगला. जिथे रेंजच नाही तिथे. टीव्हीवरचा रुमालाखालचा बूस्टर मला आठवला. एक्स्टेंडर लावायचाच तर अर्ध्या वाटेवर, जिथे अजून चांगली लहर पोचते तिथे. पण इथे तो लागलाच नाही. आठ मीटर वायर ओढून डबी पॅसेजमध्ये आणली, लाकडी फळीवर, डोक्याच्या वर, शिंगं उभी. उभ्या शिंगाची लहर चहूबाजूंना आडवी पसरते, टोकाच्या दिशेनं फार कमी जाते. पोटमाळा असता तर एक शिंग आडवं केलं असतं. चार बोटं डावीकडे, चार बोटं उजवीकडे करून बघितली. आतल्या खोलीत उणे 58.

जुन्या वाड्यांत वेगळंच असतं. खालचं बांधकाम दगडाचं, वर जाड विटांच्या भिंती. त्यांतून 5 गिगाहर्ट्झची लहर जात नाही, 2.4 ची रडतखडत जाते. पण मध्ये चौक असतो. डबी चौकाकडच्या खिडकीत ठेवली की समोरच्या सोप्यातल्या खोल्यांना खिडक्यांतून सरळ लहर मिळते.

नव्या सोसायट्यांत दुखणं भिंतींचं नाही, गर्दीचं. मोबाइलवर वायफायची यादी उघडली की चाळीस नावं. पुणेरी पाट्या दारावरून उतरून तिथे गेल्या आहेत. ‘पासवर्ड मागू नये’, ‘स्वतःचे घ्या’, ‘आजोबा झोपले आहेत’. 2.4 च्या पट्टीत एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11, आणि प्रत्येक डबी बोलण्याआधी दुसरं कुणी बोलत नाही ना हे ऐकून थांबते. चाळीस जण असे थांबू लागले की रेंज भरपूर आणि काम शून्य. इथे बूस्टरनं उलट वाईटच होतं, कारण तुमचा आवाज वाढला की आणखी दहा घरं थांबतात. जवळच्या खोलीत 5 गिगाहर्ट्झ वापरा, ती लहर भिंतीत मरते हाच तिचा गुण. आणि टीव्ही, कॉम्प्युटर अशी जागची न हलणारी यंत्रं वायरीनं जोडा. वायर म्हटलं की लोकांची तोंडं पडतात.

शहराबाहेर गेलं की परत लांब लहरीची गरज पडते. 2020 च्या टाळेबंदीत कोकणात मुलं रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून शिकली, हे सगळ्यांनी वाचलं. त्याच्या काही वर्षं आधी मुंबईच्या आयआयटीनं पालघर जिल्ह्यातल्या काही गावांत टीव्हीच्या रिकाम्या पडलेल्या पट्टीतून इंटरनेट नेण्याचा प्रयोग केला होता. लांब लहर झाडांतून, चढउतारांवरून जास्त चांगली जाते. खांबावर अँटेना, आणि तिथून घरांसाठी वायफाय. त्या पट्टीबद्दल सरकारनं पुढे हात मोकळा सोडला असता तर फार झालं असतं, असं माझं मत आहे.

सदाशिव पेठेतल्या गृहस्थांनी पैसे देताना विचारलं, “एवढंच केलंत? डबी तर इथून उचलून तिथे ठेवलीत.” हा प्रश्न मला नवा नाही, गच्चीवरून उतरल्यावर ‘पाइपच तर फिरवलात’ हे ऐकतच मी मोठा झालो. म्हणून आता घरी दरपत्रक छापून ठेवलंय. घर बघणे, जागा ठरवणे, वायर मीटरप्रमाणे, कनेक्टर नगाप्रमाणे. बूस्टरची ओळ सगळ्यात खाली आहे, तिच्यापुढे रक्कम नाही. ‘वरचं सगळं झाल्यावर विचारा’ एवढंच छापलंय. त्या गृहस्थांनी चष्मा चढवून ते सगळं वाचलं, पैसे मोजून दिले आणि विचारलं, “बरं, मग बूस्टर साधारण केवढ्याला पडतो?”